सुट्टी वाढलीय म्हणे!

अहो, ऐकलंत का? मागच्या गल्लीतल्या मावशींचा धाकटा सुरतेहून आला. आता तुम्ही म्हणाल, आला तर आला, त्यात सांगण्यासारखं काय... अहो, पण कधी आला ते बघा ना! ना दिवाळी, ना होळी, ना घरात कुणाचं लग्न. सकाळच्या गाडीनं उतरला, खांद्यावर बॅग आणि काखेत गादीची वळकटी. वळकटी! चार दिवसांच्या सुट्टीवर येणारा माणूस गादी गुंडाळून आणतो का हो? मी काही विचारलं नाही, मला मेलीला कशाला नसत्या चौकशा! कपडे वाळत घालता घालता नुसतं म्हटलं, "काय मावशी, मुलगा आला वाटतं?" तर म्हणाल्या, "हो ना, हिऱ्याच्या कारखान्याला सुट्टी वाढलीय म्हणे." आणि लगेच आत पळाल्या. दूध उतू जातंय म्हणाल्या. दूधवाला तर अजून गल्लीत शिरलाही नव्हता!

घरात येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. तर पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात कसे, "चीनमध्ये हिऱ्यांना गिऱ्हाईक नाही, म्हणून." घ्या! मी सांगतेय मावशींच्या मुलाचं, हे गेले चीनला. कोपऱ्यावरच्या भाभी तर तोंडावर पदर घेऊन हसल्या. "चीनचा आणि आपल्या गल्लीचा काय संबंध हो, व माय!" पण ओट्यावर रिटायर मास्तर बसले होते ना, ते हसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "संबंध आहे. बसा सांगतो." आणि मग जे काही त्यांनी उलगडलं ना बाई... भाजी फोडणीला टाकायची राहिली माझी.

तर काय सांगत होते, सुट्टी. २०२४ च्या ऑगस्टमधलं आठवतंय ना? सुरतेच्या एका बड्या हिरे कंपनीनं पन्नास हजार माणसांना १७ ते २७ ऑगस्ट घरी बसवलं होतं. ऐन श्रावणात! कारण काय, तर माल उठत नाही. अमेरिकेचं गिऱ्हाईक मंद, चीनचं तर जवळजवळ बंद. जगातल्या दहा हिऱ्यांतल्या आठ-नऊ हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत, मग तिकडं कुणी अंगठी घेतली नाही की इकडं पैलू पाडायच्या घंटीवर बसलेला पोरगा रिकामा. आणि त्याआधी आठच महिने, १७ डिसेंबर २०२३ ला, सुरतेतच हिऱ्यांच्या व्यापाराचा तो डायमंड बोर्स केवढ्या थाटात उघडला होता! पेंटागॉनपेक्षा मोठी इमारत, खुद्द पंतप्रधान आले होते. भाभींची नणंद बघून आली, म्हणे इतकं मोठं आहे की आत माणूस दिसतच नाही. मी म्हटलं, मोठं आहे म्हणून दिसत नाही की नाहीच म्हणून दिसत नाही? तेव्हापासून नणंदबाई माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

पण "सुट्टी वाढली" हे शब्द ह्या गल्लीनं पहिल्यांदा ऐकले ते २००८ ला. तेव्हाची दिवाळी २८ ऑक्टोबरला होती. दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, तिकडं न्यूयॉर्कात ती लेहमन ब्रदर्स बँक बसली. आपल्याला त्याचं काय, आपण चकल्या तळत होतो. नेहमीसारखी पोरं दिवाळीला आली. ह्या भुसावळ-सुरत लाइनवरच्या प्रत्येक स्टेशनावर उतरली, फटाके आणले, आईला साडी आणली. जायचा दिवस आला, कुणी जाईना. आठवडा गेला, कुणी जाईना. विचारलं की एकच उत्तर, "सुट्टी वाढलीय." मग डिसेंबर उजाडला. सुट्टी आपली वाढतेच आहे, वाढतेच आहे!

हिऱ्याच्या कामात जास्त भरणा सौराष्ट्रातल्या लोकांचा, हे खरं. पण आपले खान्देशी काय कमी आहेत का सुरतेत? लिंबायतला जा, उधन्याला जा, डिंडोलीला जा, भाजीवालीशी अहिराणीत भाव करा, ती अहिराणीतच शिव्या घालेल. अहो, आपल्या खान्देशातल्या जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील त्याच भागातून, नवसारी मतदारसंघातून, २००९ ला खासदार झाले. एवढी आपली माणसं तिथं! कुणी साड्यांच्या मार्केटात, कुणी भरतकामाच्या मशीनवर, कुणी डाइंगच्या मिलमध्ये, कुणी रिक्षावर. हिरेवाल्याचा पगार थांबला की तो रिक्षात बसत नाही, बायकोला साडी घेत नाही, खोलीभाडं थकवतो. म्हणजे एकाचं गेलं की चौघांचं जातं. त्या हिवाळ्यात सुरतेत रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे घासणाऱ्यांच्या, आत्महत्येच्या बातम्या यायला लागल्या. पेपर वाचता वाचता आमचे हे गप्प व्हायचे आणि ते पान मला द्यायचेच नाहीत.

आणि सोयरिकी! अहो, त्याआधी "मुलगा सुरतेला असतो" म्हटलं की मुलीकडचे पेढेच घेऊन यायचे. शेतीवाल्याला कुणी विचारत नव्हतं. त्या वर्षी बोलणी करायला आलेले लोक आधी विचारायचे, "सुरतेला आहे का? हिऱ्यात आहे का?" आणि 'हो' म्हटलं की चहाचा कप अर्धाच ठेवून उठायचे. एका घरात तर साखरपुडा झालेला होता, हॉल बुक होता, आणि मुलीच्या आत्यानं फोन करून... नको, जाऊ दे, नाव घेतलं तर उद्या माझ्या दारात उभ्या राहतील. पण मुलाच्या आईचा चेहरा मी पाहिलाय त्या दिवशी. मंगळ बाजारात भेटल्या, हातात पिशवी, पिशवी रिकामी. "भाजी महाग झालीय," म्हणाल्या.

आता चीन. मास्तर म्हणाले, "तुमच्या ओळखीच्या घरात जे झालं ना, तेच तिकडं दोन कोटी घरांत झालं." मी म्हटलं, मास्तर, जरा आकडा कमी करा, पचत नाही. ते म्हणाले, "मी नाही, त्यांच्याच सरकारनं सांगितलाय." आणि खरंच हो! २ फेब्रुवारी २००९ ला त्यांच्या शेती-ग्रामीण कामाचे मुख्य अधिकारी चेन शीवेन यांनी जाहीर सांगितलं, की गावं सोडून शहरात कामाला गेलेले १३ कोटी लोक धरले, तर त्यातले १५.३ टक्के काम गमावून घरी परतलेत. म्हणजे दोन कोटी! तेव्हा त्यांचं नवं वर्ष नुकतंच झालं होतं, २६ जानेवारीला. आपली माणसं जशी होळीला घरी येतात ना, धडगाव-अक्कलकुवा सगळं भरून जातं, काठीच्या होळीला पाय ठेवायला जागा नसते, तशी त्यांची नव्या वर्षाला घरी जातात. त्या वर्षी महिना-दोन महिने आधीच निघाली. स्टेशनावर हीऽ गर्दी. आणि बरोबर, सांगायला नको, वळकट्या!

कारण तिकडचे कारखाने कुणासाठी चालायचे? अमेरिका-युरोपच्या दुकानांसाठी. दर तीन रुपयांच्या कमाईतला रुपयाभर माल बाहेर जाणारा. खेळणी, बूट, टीव्ही, कपडे. तिकडच्या गिऱ्हाइकानं नाताळची खरेदी आखडली की ग्वांगडोंग प्रांतात शटर खाली. डोंगग्वान म्हणून गाव आहे त्यांचं, खेळण्यांचं. तिथला स्मार्ट युनियन नावाचा कारखाना ऑक्टोबर २००८ मध्ये एका दिवसात बंद झाला. मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांची खेळणी बनवायचा. साडेसहा-सात हजार माणसं सकाळी कामाला आली तर गेटला कुलूप! मालकाचा पत्ता नाही, दोन महिन्यांचे पगार थकलेले. लोक जमले, रस्त्यावर आले, आणि मग काय झालं ऐका... तिथल्या सरकारनं स्वतःच्या तिजोरीतून त्यांचे पगार दिले. भाभी एकदम पुढं सरकल्या, "सरकारनं? मालकाचे पगार?" मास्तर म्हणाले, "हो. दयेपोटी नाही, भीतीपोटी."

बघा हं, इथं खरी गोम आहे. त्यांच्याकडं निवडणूक नाही, पाच वर्षांनी जाऊन बटण दाबलं आणि राग काढला असं नाही. मग सरकारनं लोकांशी एक न बोललेला करार केलेला: तुम्ही राजकारणात पडू नका, आम्ही तुम्हाला काम देतो. आता कामच नाही म्हटल्यावर... त्यांच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात आठचा आकडा पक्का बसलेला. वर्षाला आठ टक्के वाढ झाली तर नव्या पोरांना काम पुरतं, कमी झाली की रस्ता तापतो. २००७ ला चौदा टक्क्यांच्या वर उड्या मारत होते, आणि २००८ च्या नोव्हेंबरात निर्यात उलटी फिरली. त्याच नोव्हेंबरात चोंगचिंगला टॅक्सीवाल्यांनी संप केला, सगळं शहर ठप्प! तिथले पक्षाचे मुख्य बो शीलाय टॅक्सीवाल्यांना घेऊन बसले आणि ती बैठक टीव्हीवर थेट दाखवली. आणि महिन्याच्या शेवटी त्या डोंगग्वानलाच दुसऱ्या एका खेळण्यांच्या कारखान्यात नुकसानभरपाईवरून असा भडका उडाला, की कामगारांनी पोलिसांच्या गाड्या उलट्या केल्या, ऑफिसातले कॉम्प्युटर फोडले. कुठं? चीनमध्ये! भाभींना खरंच वाटेना. "तिथं तर शिस्त असते म्हणतात ना..." मी म्हटलं, भाभी, पगार थकला की शिस्त कुठं राहते, आपल्या कामवालीला विचारा.

आणि ह्या सगळ्यात चीनचा पैसा कुठं, तर अमेरिकेत! म्हणजे कसं, की आपला किराणावाला मोठ्या गिऱ्हाइकाला माल उधार देतो, उधारी फेडायला परत स्वतःच पैसे देतो, का तर गिऱ्हाईक तुटू नये. सप्टेंबर २००८ मध्ये जपानला मागं टाकून चीन अमेरिकेचा सगळ्यात मोठा सावकार झाला. नेमकं कधी? लेहमन बसली त्याच महिन्यात! मार्च २००९ ला त्यांचे पंतप्रधान वन ज्यापाओ सगळ्या पत्रकारांसमोर म्हणाले, की आमच्या अमेरिकेतल्या पैशांची मला काळजी वाटते. एवढ्या मोठ्या देशाचा पंतप्रधान, सगळ्यांसमोर! चेहरा कसा झाला असेल हो?

तर काय सांगत होते... हां, पैसा. काय केलं त्यांनी? ९ नोव्हेंबर २००८ ला घोषणा. चार लाख कोटी युआन! तेव्हाच्या हिशेबानं ५८,६०० कोटी डॉलर. रेल्वे बांधा, रस्ते बांधा, विमानतळ बांधा, घरं बांधा. मे महिन्यात सिचुआनला मोठा भूकंप झालेला, त्यातला लाखभर कोटी तिकडच्या पुनर्बांधणीला. बँकांना सांगितलं, कर्ज वाटा. २००९ या एका वर्षात साडेनऊ लाख कोटी युआनच्या वर नवी कर्जं वाटली, आदल्या वर्षीच्या दुप्पट. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. आणि बायकांसाठी तर... अहो, खेड्यातल्या माणसानं टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन घेतलं की सरकार १३ टक्के परत देणार! बाहेर माल जात नाही ना, मग घरच्यांनाच विका. फेब्रुवारी २००९ पासून सगळ्या देशभर. भाभी हळूच म्हणाल्या, "आपल्याकडं असं काही..." मी म्हटलं, आपल्याकडं २००८ च्या डिसेंबरात एक्साइज चार टक्क्यांनी उतरवली होती, पण आपल्या गल्लीत फ्रिज आला तो त्यामुळं नाही. २००९ ला राज्यात सहावा वेतन आयोग लागू झाला, त्यामुळं आला. मास्तर एकदम छताकडं बघायला लागले. कारण फ्रिज त्यांच्याच घरी आला होता ना! एका भिंतीच्या अलीकडं सुरतेहून परतलेला पोरगा, पलीकडं नवा फ्रिज. मास्तरीणबाईंनी बर्फ सगळ्यांना वाटला, हे मात्र मी सांगणार. माणूस भला, पण तो वाटीभर बर्फ घेताना ज्यांच्या घरचा पगार थांबला होता त्यांच्या मनात काय आलं असेल... जगात मंदी आली म्हणजे सगळ्यांकडं सारखी येते थोडीच!

बरं, ती दोन कोटी माणसं गावी जाऊन खाणार काय? तर मास्तर म्हणाले, तिकडं शेतजमीन गावाच्या मालकीची, घराघराला कसायला वाटून दिलेली, विकता येत नाही. त्यामुळं बहुतेकांचा गावी तुकडा शिल्लक होता. निदान भात-भाजी निघते, आईबाप असतात, चूल असते. सरकारची खरी ढाल ती जमीन, ते चार लाख कोटी नंतरचे. पण त्याची दुसरी बाजू ऐका. त्यांच्याकडं हुकोऊ म्हणून नोंदणी असते, १९५८ पासूनची. तेव्हा गावचा हुकोऊ तो गावचाच. शहरात वीस वर्षं राबलात तरी तुम्ही पाहुणे, पोरांच्या शाळेला अडचण, दवाखान्याला अडचण. म्हणजे काम असेपर्यंत या, संपलं की निघा. फार सोयीचं बाई, शहराला!

आपल्याला वाटतं, आपल्याकडं असं नाही. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, एकाच बाकावर बसून दोन राज्यांत चहा प्या, कोण विचारतंय? आणि आधार कार्ड तर आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातून सुरू झालं, शहादा तालुक्यातल्या टेंभलीतून, २९ सप्टेंबर २०१० ला, मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी दोघंही आले होते. सगळा देश टेंभली टेंभली करत होता. पण सांगा, टोळीबरोबर बारडोलीकडं ऊस तोडायला जाणाऱ्या आपल्या धडगावच्या बाईची पोरं सहा महिने कुठल्या शाळेत जातात? मुकादमाकडून उचल घेतलेली, फिटेपर्यंत कोयता खाली ठेवायचा नाही, फडातच पाल ठोकून राहायचं. तिला कुणी हुकोऊ लावला नाही, तरी ती पाहुणीच ना? हे मी म्हटलं आणि सगळे गप्प झाले. मला वाटलं, जास्त बोलले की काय...

पण एक गोष्ट आपल्याकडं चांगली होती, ती मास्तरांनी बोटावर मोजून सांगितली. रोजगार हमीचा केंद्राचा कायदा पहिल्या झपाट्यात ज्या २०० जिल्ह्यांत आला, त्यात नंदुरबार होतं. कधी? २ फेब्रुवारी २००६. आणि चीनवाल्यांनी दोन कोटींचा आकडा सांगितला तीही २ फेब्रुवारीच, तीन वर्षांनी! मला अशा तारखा जुळल्या की फार मजा येते. तर मंदी आली तेव्हा आपल्याकडं निदान कागदावर तरी शंभर दिवसांच्या कामाचा हक्क होता. काम वेळेवर मिळायचं का, मजुरी कधी जमा व्हायची, ते नका विचारू, त्यावर वेगळी बैठक लागेल. शिवाय मंदीच्याच वर्षी, २००८ ला, वनहक्काचे नियम लागू झाले आणि सातपुड्यातली माणसं जमिनीचे दावे भरायला लागली. परतून आलेल्या माणसाला पाय टेकायला जागा पाहिजे, हे चीनच्या राज्यकर्त्यांना कळलं होतं, आपल्या पावरा-भिल्लांना तर कधीचंच कळलं होतं.

आणि कापूस! कापसाचं तर राहिलंच की. आमच्या आतेभावाचं जिनिंगमध्ये असतं ना बसणं-उठणं, त्याला विचारा २००८. सरकारनं हमीभाव एकदम वाढवलेला, लांब धाग्याला तीन हजार रुपये क्विंटल, आदल्या वर्षी दोन हजार तीस होता. शेतकरी खूष. आणि त्याच हंगामात जगाचा भाव कोसळला. व्यापारी म्हणतात, ह्या भावात आम्हाला नको. मग सगळ्या गाड्या सीसीआयच्या दारात! कॉटन कॉर्पोरेशननं त्या वर्षी ८९ लाख गाठी घेतल्या. रात्र-रात्र बैलगाड्या-ट्रॅक्टरची रांग. नाहीतर काय, आपला शेतकरीही सुरतेच्या पोराबरोबर ओट्यावर येऊन बसला असता.

मग दोन वर्षांनी उलटंच. चीन उठला, गिरण्या धडाधड चालू, कापूस पाहिजे. २०११ च्या मार्चपर्यंत आपल्याकडं भाव सात हजारांच्या घरात! ज्यांनी घरात साठवून ठेवला त्यांनी ट्रॅक्टर घेतले, ज्यांनी दिवाळीला विकला त्यांच्या बायका अजून बोलून दाखवतात. मग चीननं सरकारी गोदामं भरायला घेतली, वर्षामागून वर्षं भरत राहिले. आणि २०१४ ला म्हणाले, पुरे, आता आतलाच वापरणार. झालं! इकडं भाव थेट हमीभावाला, ४,०५० ला येऊन टेकला. आतेभावाचा चेहरा तेव्हा... सरकीसारखा म्हटलं तर त्याला राग येतो. शहाद्याच्या शेतकऱ्यानं बीजिंग नकाशात पाहिलेलं नाही, पण बीजिंगनं गोदामाचं दार लावलं की आवाज खेतियापर्यंत येतो. भाभी तेव्हा कुठं हसायच्या थांबल्या.

तर चीन सावरला का? सावरला हो, दणक्यात सावरला. २००९ ची वाढ नऊ टक्क्यांच्या वर, आणि २०१० ला तर किनाऱ्यावरच्या कारखान्यांना माणसं मिळेनात. सगळ्या जगानं वाहवा केली. पण वाहवा करणारे हप्ते फेडत नाहीत ना! स्थानिक सरकारांनी कर्ज काढून बांधलं, बिल्डरांनी कर्ज काढून बांधलं, लोकांनी कर्ज काढून घेतलं. घरावर घर, घरावर घर. एव्हरग्रँड म्हणून बिल्डर, तीनशे अब्ज डॉलरच्या वर देणं, २०२१ ला हप्ता चुकला आणि २९ जानेवारी २०२४ ला हाँगकाँगच्या कोर्टानं सांगितलं, मोडीत काढा. २०२२ च्या उन्हाळ्यात तर लोकांनी अर्धवट राहिलेल्या फ्लॅटांचे हप्ते भरायचंच बंद केलं. फ्लॅट नाही तर हप्ता नाही. शिकलेली, नोकरदार माणसं!

आणि सगळ्यात चटकदार ऐका. हनान प्रांतात काही गावबँकांनी त्याच वर्षी लोकांचे पैसे अडकवले. ठेवीदार निघाले झेंगझोऊला जाब विचारायला. तर काय व्हावं? स्टेशनावर उतरताच त्यांच्या मोबाईलमधला कोविडचा कोड लाल! ताप नाही, खोकला नाही, तरी लाल. म्हणजे शहरात फिरता येणार नाही. नंतर कळलं, अधिकाऱ्यांनीच मुद्दाम लाल केला होता. त्यांना शिक्षाही झाली. तरी जुलैत लोक पुन्हा आलेच, बँकेच्या पायऱ्यांवर बसले, मार खाल्ला, आणि मग हळूहळू पैसे परत मिळायला लागले. मास्तर म्हणाले, "बघा, पुन्हा तेच. आधी दाबायचं, मग द्यायचं."

पोरांच्या नोकऱ्यांचं तर विचारूच नका. जून २०२३ ला शहरातल्या सोळा ते चोवीस वयाच्या पोरांत बेकारी २१.३ टक्के. पुढच्या महिन्याचा आकडा काय आला असेल? आलाच नाही! ऑगस्टमध्ये सांगितलं, आता हा आकडा आम्ही छापणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. काही महिन्यांनी छापायला लागले, पण मोजायची पद्धत बदलून, शिकत असलेली पोरं वगळून. अशी पोरं लग्न लांबवणार, घर घेणार नाहीत, हिऱ्याची अंगठी तर नाहीच नाही. आईबापांचा पैसा अर्धवट फ्लॅटात अडकलेला. आणि घ्यायचंच झालं तर सोनं घेतील, ते निदान मोडता येतं. आता कळलं, आमचे हे पेपरातून डोकं न काढता काय म्हणत होते? पण मला आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं...

माझं विचाराल तर, ह्या मोठ्या लोकांचं एक चुकतं. ते स्थैर्य म्हणजे पोलीस आणि पॅकेज धरतात. चीननं पोलीसही लावले, पॅकेजही दिलं, आणि पॅकेजचं कर्ज पंधरा वर्षांनी पोरांच्या गळ्यात पडलं. पण दोन कोटी माणसं त्या हिवाळ्यात रस्त्यावर न येता शांतपणे घरी गेली, ती कुणाच्या जिवावर? गावच्या म्हाताऱ्यांच्या आणि बायकांच्या. त्यांनी पातेल्यात पाणी वाढवलं, दागिना मोडला, शेजाऱ्यांना "सुट्टी वाढलीय" म्हणून सांगितलं. सुरतेहून आलेल्यांचं आपल्याकडं हेच झालं. हा खर्च कुठल्या सरकारनं हिशेबात धरलाय? धरला असता तर पहिला चेक आपल्या गल्लीत आला असता.

तर आता तुम्हाला म्हणून सांगते हं. मुलाला सुरतेला पाठवा, पुण्याला पाठवा, अगदी दुबईला पाठवा, हिऱ्यात घाला नाहीतर कॉम्प्युटरवर बसवा. पण गावच्या रेशन कार्डातून त्याचं नाव कमी करू नका, सातबाऱ्यावर वारस लावायचे राहिले असतील तर ह्या महिन्यात तलाठ्याकडं जा, आणि त्याच्या पगाराच्या भरवशावर हप्त्याची गाडी दारात आणण्याआधी चार महिन्यांचा किराणा भरेल एवढा पैसा बँकेत बाजूला टाका. बँकेत म्हटलं हं, भिशीत नाही. आणि हे मी सांगितलं असं मात्र कुणाला बोलू नका.